पहिला धावणारा

पासावर चेहरा माझा होता आणि नाव मार्शलचं. सकाळच्या पाळीला गेट नंबर दोनवर मी उभा होतो, तेवढ्यात जागतिक हॉकी स्पर्धेची पाटी लावलेली जीप थांबली. एका पोरसवदा साहेबाने काचेतून हात बाहेर काढून लिफाफा दिला आणि म्हणाला, "सही करा, ऑलिंपियन बाबू." मी सही केली. का केली ते मला विचारू नका, मीच अजून मला विचारतो आहे. लिफाफ्यात निळ्या फितीला अडकवलेला पास निघाला, तळहाताएवढा, गुळगुळीत. वर स्पर्धेचं चिन्ह, मधे बावीस वर्षांपूर्वीचा माझा फोटो, केस काळे, मान ताठ, आणि खाली छापलेलं: ऑलिंपियन मार्शल केरकेट्टा, विशेष पाहुणे. आता माझं काम काय, तर कारखान्याच्या फाटकावर पास तपासणं. एकवीस वर्षं हेच करतो. माणूस पास पुढे करतो, मी फोटो बघतो, तोंड बघतो, पुन्हा फोटो बघतो. दाढी वाढवून आला म्हणून मी लोकांना परत पाठवलंय. जुळ्या भावाचा पास घेऊन आलेल्या एकाला मी कानाच्या पाळीवरून पकडलं होतं, तेव्हा मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली होती. असला पास घेऊन कुणी माझ्या फाटकावर आला असता तर मी त्याला सरळ कोठडीत बसवला असता. आणि तो पास माझ्याच हातात, माझ्याच सहीने आलेला. माझा जोडीदार सेठी डोकावून म्हणाला, "अरे वा, पत्रसदादा, सत्कार! नाव जरा चुकलंय वाटतं. पण चालायचंच, केरकेट्टा तर आहे ना." मी त्याला म्हणालो, "तुझा पगार बाजूच्या सेठीच्या खात्यात गेला तर चालेल का?" तो हसला. मी हसलो नाही.

रूरकेलात त्या जानेवारीत एकही भिंत सुटली नव्हती. जिकडे बघावं तिकडे हॉकी रंगवलेली: पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या कुंपणावर, मुताऱ्यांच्या मागे. रंगवणारी पोरं बाहेरून आणलेली. त्यांनी रंगवलेले खेळाडू सगळे गोरे, सगळ्यांची नाकं धारदार. आमच्या सेक्टरच्या वळणावर तर एक खेळाडू काठी उलटी धरून उभा होता, गोल बाजूने चेंडू मारत, जे खेळात चालतच नाही. त्याला शिट्टी कोण वाजवणार? रोज सायकलवरून जाताना मी त्या काठीकडे बघायचो आणि तळपायाची आग मस्तकात जायची. चौकाचौकात भोंगे लागले होते, हॉकीचा पाळणा, हॉकीची माती, आदिवासींच्या रक्तात हॉकी. रक्तात म्हणे. मार्शल आणि मी कुरूमडेगाचे, जंगलाच्या कडेचं गाव, इथून चाळीस किलोमीटर. बांबूच्या मुळाचा चेंडू आणि वाकडी फांदी, इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत असतं, तेवढंच छापून येतं. गुडघ्याला किती टाके होते ते कुणी छापत नाही. आम्ही दोघे खस्सीच्या सामन्यांत वाढलो. जिंकणाऱ्या गावाला एक खस्सी बोकड, तो खांद्यावर टाकून नाचत घरी यायचं, संध्याकाळी तो चुलीवर, सोबत हंडिया, तांदळाची दारू. आमच्या गावात वाटणीची एक रीत होती, आजही असेल. पहिला वाटा काढायचा तो लंगड्याचा. म्हणजे आधीच्या फेरीत जो लागून पडला, जो अंतिम सामना खेळलाच नाही, त्याचा. कप्तानाचा वाटा त्यानंतर, गोल मारणाऱ्याचा त्याच्याही नंतर. म्हातारे म्हणायचे, हा पडला म्हणून तुम्ही इथवर आलात. अडाणी म्हाताऱ्यांना जे कळत होतं ते कोट घातलेल्या निवड समितीला कळत नव्हतं.

कारण तिथली रीत वेगळी. तिथे जागा देशाची असते, खेळाडूची नव्हे. हे वाक्य मी इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्या वर्षी खंडाची स्पर्धा आम्ही हरलो होतो, नाहीतर थेट ऑलिंपिकला गेलो असतो. मग उरली ती मागच्या दाराची स्पर्धा. सहा देश, एक जागा, आणि तीही अशा थंड शहरात की सकाळी टर्फवर पाणी मारलं की त्याचा बर्फाचा पापुद्रा व्हायचा. अठरा जण गेलो होतो. अंतिम सामन्यात आम्ही दोन-एकने पुढे, वेळ संपत आलेली, आणि त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. कॉर्नरला पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात. त्यांतला एक सरळ सुटतो, मारणाऱ्याच्या काठीवरच चालून जातो, चेंडू जिथून येणार त्याच वाटेवर. तो पहिला धावणारा. आता तोंडाला जाळी आणि गुडघ्यांना जाड ढाली असतात. तेव्हा नडगीची एक पट्टी असायची आणि देव असायचा. ते काम माझं होतं. प्रशिक्षक पाठीवर हात मारून म्हणायचे, "तुमचे लोक घाबरत नाहीत बघ." चोवीस वर्षांचा होतो, मला ते कौतुक वाटायचं. आता वाटतं, त्याच्या मुलाला का नाही उभा केला तिथे? माझ्यामागे दुसरा धावणारा मार्शल. त्याला मागून सगळं दिसायचं, मला फक्त काठी दिसायची. म्हणून तो ओरडायचा, आमच्या खडिया बोलीत, समोरच्यांना कळू नये म्हणून: सरळ जा. नाहीतर: डावीकडे. त्या दिवशी चारही वेळा तो ओरडला, सरळ जा. पहिला चेंडू मी काठीने थोपवला, तो आमच्याच एकाच्या पायावर गेला, पुन्हा कॉर्नर. दुसरा गोलरक्षकाने अंगाखाली दाबून धरला, पुन्हा कॉर्नर. वेळ संपल्याचा भोंगा वाजला, पण कॉर्नर पुरा झाल्याशिवाय सामना संपत नाही. तिसरा माझ्या नडगीवर बसला. नियम असा आहे की धावणाऱ्याला गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर, आणि गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर मारणाऱ्याची चूक, चेंडू आपला. चार बोटांचा फरक. चौथा चेंडू माझ्या गुडघ्याच्या वाटीवर आला. आवाज मी ऐकला, नारळ दगडावर फोडल्यासारखा. पंचाने आमच्या बाजूने हात केला, शिट्टी वाजली, सामना संपला, देश पात्र झाला. सगळे माझ्या अंगावर येऊन पडले, आणि मी खाली ओरडत होतो की माझा पाय, माझा पाय. त्यांना वाटलं मी आनंदाने ओरडतोय.

संध्याकाळी घरी बायकोने, सुसानाने, पास उलटा-सुलटा करून बघितला. तिने तो देव्हाऱ्यातल्या क्रुसाच्या खिळ्याला अडकवला, मग काय वाटलं कोण जाणे, काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "रोशनीच्या बा, हा मार्शलचा आहे."

"फोटो माझा आहे."

"ऑलिंपिकला तू गेला होतास?"

"मी नेलं होतं त्यांना!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला. सुसाना घाबरणारी नाही. ताटात पखाळ वाढता वाढता म्हणाली, "मग उद्या त्यांच्या कचेरीत जा आणि हेच सांग. माझ्यावर ओरडून काय मिळणार? मी निवड समितीत नव्हते." आंबवलेल्या भाताचं ते पाणी मी एका दमात प्यालो. गुडघा टेबलाखाली सरळ केला, तो दुपारनंतर वाकत नाही. दुपारनंतर. हा शब्द मार्शलचा. ऑलिंपिकआधीच्या सराव शिबिरात आम्ही एका खोलीत होतो. सकाळी गुडघा शहाण्यासारखा वागायचा, मी डॉक्टरसमोर बैठका मारून दाखवायचो. दुपारी तो भोपळ्याएवढा व्हायचा. मग मार्शल भटारखान्यातून बादलीभर बर्फ मागून आणायचा, माझा पाय त्यात धरून बसायचा. स्वतःच्या हातांची बोटं पांढरी पडेपर्यंत. दोन महिने त्याने हे केलं. अठरातून सोळाच जाणार होते, दोघे गळणार होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की मार्शल त्या दोघांत आहे. यादीच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, "मार्शल, तू याच्या खोलीत असतोस. खरं सांग, गुडघा कसा आहे?" मी मार्शलकडे बघितलं. तो खाली फरशीकडे बघत होता. त्याचा बाप चर्चचा प्रचारक, खोटं बोललं की जीभ काळी पडते असं लहानपणी आम्हाला सांगायचा आणि जीभ बाहेर काढायला लावून तपासायचा. मार्शल म्हणाला, "दुपारनंतर सुजतो, सर." तेवढंच. दुसऱ्या दिवशी यादीत एक केरकेट्टा होता. खोलीत आलो तेव्हा त्याने बर्फ आणून ठेवला होता. मी बादलीला लाथ मारली, दुखऱ्याच पायाने. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. आयत्या बिळावर नागोबा, मी गावभर सांगत सुटलो. तो परत आला तेव्हा गावाने त्याच्यासाठी बोकड कापला. त्याची आई पहिला वाटा पानात बांधून माझ्या दारात घेऊन आली. लंगड्याचा वाटा. मी तो तिच्यासमोर कुत्र्यांना टाकला. म्हातारी पान उचलून घेऊन गेली. तिला मातीला नेलं तेव्हा मी पाळी बदलून घेतली नाही. बावीस वर्षं झाली. नात्यातल्या लग्नांत आम्ही चर्चच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतो, तो डावीकडे बसला की मी उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. नव्या मैदानाच्या खाली काचेच्या खोल्या केलेल्या, त्यांतल्या एकीत पाणिग्रही बाबू, गळ्यात तसलीच फीत, समोर तीन फोन. मी पास टेबलावर ठेवला. "बाबू, हे नाव माझं नाही. मी पत्रस केरकेट्टा. मार्शल वेगळा."

त्यांनी पास बघितला, मला बघितलं. "फोटो तर तुमचाच आहे, काका."

"तेच म्हणतोय मी."

"मग झालं तर! फोटो तुमचा, पत्ता तुमचा. राहिलं काय?"

"नाव."

"केरकेट्टा ना?" ते यादीवर बोट फिरवत म्हणाले, "यादीत ऑलिंपियन केरकेट्टा एकच आहे. बचावफळी, पाच नंबर. तुम्ही बचावफळीतच होतात ना? पाच नंबर?"

"पाच नंबर माझा होता. पण ऑलिंपिकला मी गेलो नाही. पात्रतेच्या सामन्यात..."

"अहो काका," ते हसले, मनापासून हसले, हा माणूस वाईट नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्ही लोक फार सरळ. दुसरा कुणी असता तर आहे त्याच नावावर गुपचूप शाल घेतली असती. बावीस वर्षांपूर्वी कोण कुठे होतं, कोण बघतंय? या, शाल घ्या, चहा प्या, सामना बघा." मग एक फोन वाजला, तो त्यांनी उचलून खाली ठेवला, आणि एकदम भानावर आल्यासारखे म्हणाले, "बरं, तो दुसरा कुठे असतो? मार्शल? पत्ता द्या त्याचा. परवापर्यंत नवा पास होईल, गाडी पाठवून आणवतो. तुम्हीही या, तेही येतील." त्यांनी पेन उघडलं. माझ्यासमोर पेन धरून तो माणूस खरंच वाट बघत होता. कुरूमडेगा, चर्चच्या मागे, भात सडायच्या गिरणीला लागून घर, दारात फणस. गिरणी मार्शलची. त्या फणसावरून तो पडला होता तेव्हा त्याची भुवई फाटली, मीच त्याला पाठीवर घेऊन मिशनच्या दवाखान्यात पळालो होतो. मला त्या घराच्या कौलांची संख्यासुद्धा माहीत होती. मी म्हणालो, "माहीत नाही."

"नाही?"

"नाही. कुठेतरी बाहेर असतो म्हणतात."

पेन बंद झालं. मी बाहेर पडलो. उन्हात उभं राहून रुमालाने तोंड पुसलं आणि, हे सांगायला लाज वाटते, पण जीभ बाहेर काढून मोटारसायकलच्या आरशात बघितली.

दोन दिवस मी स्वतःशी भांडत होतो आणि जिंकत होतो. गेटवर तर असा सुटलो होतो की सेठी म्हणाला, "दादा, आज निम्मा कारखाना बाहेर उभा ठेवणार आहेस काय?" मी मनात मांडणी करत होतो: गुडघा माझा, जागा माझ्या गुडघ्याने मिळाली, त्याने ती घेतली, मी आता त्याचं नाव घेतो, त्यात पाप कसलं? एका दिवसासाठी. त्याने तर आयुष्यभरासाठी घेतलं. ऑलिंपियन हा शब्द एकदा माणसाला चिकटला की मेल्यावर क्रुसावरही लिहितात. आणि पात्रता मिळवून देणाऱ्याला काय शब्द आहे? काहीही नाही. भाषेतच नाही. सुसानाने माझा लग्नातला कोट उन्हात टाकला आणि डांबराच्या गोळ्यांचा वास जाईना म्हणून पुन्हा टाकला. मी म्हणालो, चल तूही. ती म्हणाली, "मार्शलच्या बायकोच्या खुर्चीत मी बसणार नाही." एवढंच बोलली, पण कोटाची बटणं लावून दिली.

संध्याकाळी पाच वाजता आम्हा पाहुण्यांना रांगेत उभं केलं. टर्फ निळं होतं, त्यावर पाण्याचे फवारे चाललेले. आमच्या वेळी असं एक टर्फ बघायला रेल्वेने दीड दिवस जावं लागायचं. वीस हजार माणसं. जागतिक स्पर्धा आमच्या शहरात, आणि आमच्या देशाला त्यासाठी कुणालाही हरवावं लागलं नव्हतं. यजमानाला जागा आपोआप मिळते. कुणाचा गुडघा लागत नाही. एकेकाचं नाव पुकारलं जाई, तो मधल्या वर्तुळापर्यंत चालत जाई, शाल अंगावर पडे, टाळ्या. माझ्या पुढच्याला मी ओळखत होतो, त्याने मला ओळखलं नाही. मग भोंग्यातून आवाज आला, ऑलिंपियन मार्शल केरकेट्टा! आणि माझे पाय हललेच नाहीत. मागच्या बाईने हळूच ढकललं, "जा ना, तुमचंच नाव आहे." मी एक पाऊल टाकलं. ओल्या टर्फवर चामड्याचा बूट सटकला, गुडघ्यात कळ गेली. वीस हजारांच्या त्या गोंगाटात, डाव्या हाताच्या स्वस्त गॅलरीतून, एक आवाज आला. खडियात. "सरळ जा!"

मान वळवावी लागली नाही. तो आवाज मी मेल्यावरही ओळखीन. कठड्याला लागून, खांबाच्या बाजूला, मार्शल उभा होता. अंगात गिरणीतला कोंडा बसलेला तपकिरी स्वेटर, डोक्यावर पांढरे केस, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. स्वतःच्या नावाला. माझ्यासाठी. त्याच्या आजूबाजूची पोरं त्याच्याकडे बघून हसत होती. त्या क्षणी मला जो राग आला तसा राग निवड समितीचाही आला नव्हता. ओरड ना, म्हणालो मी मनात. शिव्या घाल. कठड्यावरून उडी मार, सांग त्यांना की हा चोर आहे. पण नाही. बर्फाची बादली घेऊन बसलेल्यासारखा तो टाळ्या वाजवत होता. मी सरळ गेलो. शाल अंगावर पडली. शाल घालणाऱ्याने हात हातात घेऊन म्हटलं, "मार्शलजी, आपल्यासारख्यांमुळेच आम्ही." मी त्याचा हात सोडवून घेतला.

पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे मी गेलोच नाही. शाल काखेत मारली आणि मागच्या दाराने बाहेर पडून मैदानाला अर्धा वळसा घातला. मार्शल सात नंबरच्या फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी उभा होता. जणू मी येणार हे आधीच ठरलं होतं. दोन कप घेऊन उभा होता. एक माझ्यापुढे केला. जवळून बघितला तर म्हातारा दिसत होता. माझ्यापेक्षा वीतभर बुटका तो पहिल्यापासूनच, पण आता खांदेही उतरले होते, आणि फुटलेली भुवई पांढरी झाली होती. मी कप घेतला नाही.

"नाव चुकलंय त्यांचं," तो म्हणाला, "पण माणूस बरोबर बोलावला." बावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. वर हसला.

"चुकलं नाही," मी म्हणालो. "मी कचेरीत गेलो होतो. त्यांनी तुझा पत्ता विचारला. गाडी पाठवणार होते."

"मग?"

"माहीत नाही म्हणालो."

त्याने कप गाडीवर ठेवला. "कुरूमडेगा माहीत नाही?"

"नाही."

"फणस माहीत नाही? आईचं घर माहीत नाही तुला?" आता त्याचा आवाज चढला, आणि मला बरं वाटलं, देवाशपथ बरं वाटलं. "मी माझ्या पैशाने तिकीट काढून आलो, पत्रस. रांगेत तीन तास उभा राहून. ज्या पोराने तिकीट दिलं त्याला म्हणालो, देशाकडून खेळलेल्यांना सवलत आहे का, तर तो हसला. आणि तू माहीत नाही म्हणालास?"

"तू तेव्हा माहीत नाही म्हणाला असतास तर?" मी ओरडलो. चहावाला मागे सरला. "एक खोटं! एकच खोटं बोलायचं होतं तुला!"

"आणि तू लंगडत उतरला असतास? पहिल्याच कॉर्नरला पाय गेला असता तुझा, कायमचा."

"माझा पाय होता ना तो!"

आत राष्ट्रगीत सुरू झालं, म्हणून आम्ही दोघे सवयीने ताठ उभे राहिलो, एकमेकांकडे रागाने बघत, ते संपेपर्यंत. चहावाला पण उभा राहिला. संपल्यावर मी खालच्या आवाजात विचारलं, जे बावीस वर्षं विचारायचं होतं. "खेळलास किती?"

"एक मिनिटही नाही."

"खोटं."

"माझ्याने बोलवतं का खोटं?" तो म्हणाला. "सगळे सामने बाकावर. पाण्याच्या बाटल्या भरत होतो. शर्ट आधीच छापून आले होते, पाठीवर केरकेट्टा, खाली पाच. तुझ्या मापाचा. इथपर्यंत यायचा मला." त्याने मांडीवर हात ठेवून दाखवलं. "मी सांगितलं, माझा नंबर सतरा आहे. तर ते म्हणाले, केरकेट्टा आहे ना, घाल. चार वेळा धुतला, आखडला नाही. गावात आलो तेव्हा मला तो तुला द्यायचा होता. आई म्हणाली, आधी वाटा घेऊन मी जाते, त्याचा राग शांत झाला की तू जा."

मला वाटलं मी आता काहीतरी फोडणार. चहाची गाडी, फाटक, स्वतःचं डोकं. कुणाला मारायचं तेच कळेना. इतकी वर्षं ज्याला समोर धरून मारत होतो तो तर माझाच शर्ट घालून बाटल्या भरत होता. आत सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली. मी गळ्यातली फीत काढली आणि मार्शलच्या गळ्यात घातली. तो मागे सरकला. "फोटो तुझा आहे. पकडतील."

"पकडू देत! तेच पाहिजे मला. पकडले की मी बोलतो, दोघांची नावं सांगतो, त्या पाणिग्रहीला खाली बोलावतो. चल." मी त्याला दंडाला धरून पाहुण्यांच्या फाटकापर्यंत ओढत नेला. तिथे एक तरुण शिपाई होता, नवा गणवेश, कडक इस्त्री, माझ्यासारखाच. मी दोन पावलं मागे उभा राहिलो. एकवीस वर्षं मी हे काम केलंय, मला ठाऊक होतं तो काय बघणार. वीतभर उंची. फुटलेली भुवई. रुंद जबडा माझा, निमुळता त्याचा. आंधळ्यालाही कळलं असतं. शिपायाने पास हातात घेतला. फोटो बघितला. मार्शलचं तोंड बघितलं. पुन्हा फोटो बघितला, अगदी नियमाप्रमाणे. अडव, म्हणत होतो मी मनात. अडव रे बाबा, एकदा तरी कुणीतरी अडव. शिपायाने टाचा जुळवून सलाम केला. "या, मार्शल बाबू."

"अरे, नीट बघितलंस का?" मी ओरडलो. "नीट बघ! पुन्हा बघ!"

"बघितलं ना, काका," तो मला हाताने मागे सारत म्हणाला. "त्यांचाच तर फोटो आहे. तुमचा पास कुठे आहे?"

मार्शल फाटकाच्या आत उभा राहून माझ्याकडे वळला होता. फीत त्याच्या गळ्यात, माझा चेहरा त्याच्या छातीवर. आत पंचाने कॉर्नर दिला असावा, कारण वीस हजार माणसं एकदम गप्प झाली.